रात्री तीनला संगणक बंद असेल तर?



संशोधनाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एक अडचण नेहमी येते. एखाद्या संकेतस्थळावरचे आकडे दर तासाला उतरवून घ्यायचे असतात, किंवा घरच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या सेन्सरची नोंद रात्रंदिवस घ्यायची असते. दर तासाला उठून बटण कोण दाबणार? मग कोणीतरी सांगतं, ‘अरे, क्रॉन लाव’ किंवा ‘विंडोजचा टास्क शेड्युलर वापर’. पाच मिनिटांत ते लागतंही. एकदा लागलं की आपण विसरून जातो, आणि तीन महिन्यांनी फाइल उघडली की मधलेमधले तास गायब दिसतात.

ते लावायचं कसं, हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. म्हणून आज ते सोडून या सोयीचा इतिहास बघू. ही सोय ज्या मशीनसाठी तयार झाली, त्या मशीनबद्दलची गृहीतकं अजून तिच्या पोटात आहेत. घरचा कॉम्प्युटर त्यांतली बरीचशी पाळत नाही. तुमच्या डेटातली भोकं बहुतेक वेळा तिथूनच येतात.

दर मिनिटाला जागा होणारा प्रोग्रॅम

१९७९ मध्ये बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यासोबत क्रॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. ग्रीक भाषेत काळाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव. काम अगदी साधं. मशीन सुरू झाली की क्रॉन सुरू व्हायचा. एका फाइलमध्ये कामांची यादी असायची. क्रॉन दर मिनिटाला जागा व्हायचा, यादीतल्या प्रत्येक ओळीची वेळ आत्ताच्या वेळेशी जुळते का ते बघायचा, जुळली तर ते काम चालवायचा आणि पुन्हा मिनिटभर झोपायचा.

यादीतल्या प्रत्येक ओळीत वेळेसाठी पाच घरं: मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि आठवड्याचा वार. ‘कोणताही चालेल’ असं सांगायचं तर त्या घरात तारांकन. म्हणजे मिनिटाच्या घरात ३०, तासाच्या घरात २ आणि बाकी तिन्ही घरांत तारांकन लिहिलं, की रोज रात्री अडीचला काम होणार. आज लिनक्सवर क्रॉन लावताना तुम्ही हीच पाच घरं भरता.

आता ही मशीन कशी होती ते लक्षात घ्या. ती विद्यापीठाच्या किंवा प्रयोगशाळेच्या खोलीत ठेवलेली असायची. अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी ती वापरायचे. तिला सांभाळायला माणसं असायची आणि ती दिवसरात्र चालू असायची. दिवसा गर्दी, रात्री सामसूम. त्यामुळे साफसफाई, बॅकअप, हिशेब अशी जड कामं पहाटेवर ढकलणं शहाणपणाचं होतं. मशीन त्या वेळी बंद असेल, असा विचार क्रॉनमध्ये कुठेच नाही. वेळ हुकली तर ते काम सरळ पुढच्या खेपेला.

पर्ड्यूमधली गोष्ट

सातव्या आवृत्तीतला क्रॉन फक्त व्यवस्थापकासाठी होता. एकच यादी, आणि सगळी कामं सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालायची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ही सोय सगळ्यांना द्यायचा प्रयोग झाला. तिथल्या व्हॅक्स मशीनवर शंभरेक वापरकर्ते होते. मशीनवर फारच ताण आला.

का आला, ते एक साधा हिशेब करून बघू. समजा शंभर जणांनी प्रत्येकी ५ कामं लावली. यादी झाली ५०० ओळींची. दिवसात १४४० मिनिटं. दर मिनिटाला सगळ्या ओळी तपासायच्या, म्हणजे रोज ७,२०,००० तपासण्या. त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर ‘अजून वेळ झाली नाही’ एवढंच.

यावरचा उपाय सापडला तो वेगळ्याच विषयातल्या एका पेपरमध्ये. ऑगस्ट १९७७ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात फ्रांटा आणि माली यांनी सिम्युलेशनबद्दल एक लेख लिहिला होता. बँकेतली रांग किंवा कारखान्यातली कामं यांचं सिम्युलेशन करताना पुढे घडणाऱ्या घटनांची यादी वेळेनुसार लावून ठेवावी लागते. सर्वांत आधीची घटना उचलायची, घड्याळ थेट त्या वेळेवर न्यायचं, त्यातून नव्या घटना निघाल्या तर त्या यादीत योग्य जागी घालायच्या. ही यादी कार्यक्षम कशी ठेवायची, हा त्या लेखाचा विषय. त्यांच्या रचनेत सर्वांत वाईट स्थितीतही लागणारं काम घटनांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत होतं. म्हणजे घटना १०० वरून १०,००० वर गेल्या, तर काम शंभरपट न होता साधारण दहापट.

पर्ड्यूमधल्या रॉबर्ट ब्राउनने हा लेख वाचला आणि त्याच्या लक्षात आलं की क्रॉन हेसुद्धा एक सिम्युलेशनच आहे. फरक एवढाच, की सिम्युलेशनमधलं घड्याळ आपण हवं तेवढं पुढे ढकलू शकतो आणि क्रॉनला खऱ्या घड्याळाची वाट बघावी लागते. मग दर मिनिटाला उठायचं कारणच उरत नाही. यादीतलं पहिलं काम दोन तासांनी असेल तर सरळ दोन तास झोपायचं. उठल्यावर ते काम चालवायचं, त्याची पुढची वेळ काढायची आणि ते पुन्हा यादीत घालायचं.

ब्राउनने नमुना तयार केला. पुढच्या शैक्षणिक वर्षात आलेल्या कीथ विल्यमसन या विद्यार्थ्याला त्याने हात बसण्यासाठी म्हणून तो नमुना पक्का करायला दिला. १९७९ च्या अखेरीस ही अनेकांसाठीची आवृत्ती पर्ड्यूत वापरात आली. पदवी झाल्यावर विल्यमसन बेल लॅब्समध्ये गेला आणि हा क्रॉनही सोबत घेऊन गेला. तिथे त्यात भर पडली आणि पुढे युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीतून तो सगळीकडे पसरला.

लिटरेचर रिव्ह्यू करताना ‘हा पेपर माझ्या विषयातला नाही’ म्हणून बाजूला ठेवायच्या आधी ही गोष्ट आठवा. ब्राउनने नवी गणिती रचना शोधली नव्हती. दोन प्रश्नांचा सांगाडा एकच आहे, हे त्याने ओळखलं.

घरच्या कॉम्प्युटरला वेळच माहीत नव्हती

आता विद्यापीठाच्या खोलीतून घरात येऊ. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. वीज बंद केल्यावरही चालू राहील असं बॅटरीवरचं घड्याळ त्यात मुळात नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला की डॉस तुम्हाला तारीख आणि वेळ विचारायचं. कंटाळून नुसतं एंटर दाबलं, तर त्याच्या लेखी १ जानेवारी १९८० असायची. ज्या मशीनला आज काय तारीख आहे हेच माहीत नाही, तिला ‘दर सोमवारी हे कर’ असं सांगून काय उपयोग?

१९८४ च्या पीसी-एटी या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ मूळ मशीनमध्येच आलं. पण दुसरी अडचण होतीच. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. तुम्ही पत्र टाइप करत असताना मागे बसून घड्याळाकडे बघणारा प्रोग्रॅम हवा असेल, तर त्यासाठी वेगळ्या खटपटी कराव्या लागायच्या.

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा परिस्थिती बदलली. त्याच्यासोबत वेगळं विकत मिळणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट प्लस’ या पॅकमध्ये सिस्टिम एजंट नावाचा प्रोग्रॅम होता. डिस्क तपासणं, डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली नीट लावणं अशी कामं तो ठरल्या वेळी करायचा. पुढे त्याची जागा टास्क शेड्युलरने घेतली आणि विंडोज ९८ पासून तो विंडोजसोबतच मिळू लागला.

त्याच सुमारास हार्डवेअरही बदलत होतं. १९९५ च्या एटीएक्स रचनेत कॉम्प्युटर ‘बंद’ केला तरी मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. १९९६ च्या अखेरीस आलेल्या एसीपीआय या मानकाने झोपणं आणि जागं होणं हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात दिलं. त्यामुळे घड्याळाचा गजर लावून झोपलेल्या कॉम्प्युटरला कामासाठी उठवता येऊ लागलं. अर्थात, भिंतीवरचं बटणच बंद असेल तर गजर लावून काही होत नाही.

‘किती वाजले?’ ऐवजी ‘शेवटचं कधी झालं?’

घरी वापरायला लिनक्स घेणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन तेव्हा बहुतेक ठिकाणी असायचा. सगळं नीट लावलेलं, पण साफसफाईची कामं महिनोन्‌महिने होतच नाहीत. कारण उघड होतं. कामं लावली होती पहाटेची, आणि पहाटे घरातला कॉम्प्युटर बंद. ॲपलच्या मॅक ओएस टेनमध्येही सुरुवातीला तेच. युनिक्सच्या घराण्यातून आल्यामुळे त्याची रोजची देखभाल पहाटे सव्वातीनला लावलेली होती, आणि त्या वेळी लॅपटॉप मिटून ठेवलेला असायचा.

यावर क्रिस्टियन श्वार्त्स यांनी ॲनाक्रॉन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे इताई त्सूर यांनी तो संपूर्ण नव्याने लिहिला. ॲनाक्रॉनची युक्ती अशी की तो ठरलेल्या घटकेची वाट बघतच नाही. प्रत्येक कामासाठी तो एका छोट्या फाइलमध्ये फक्त तारीख लिहून ठेवतो: हे काम शेवटचं कधी झालं. कॉम्प्युटर सुरू झाला की तो बघतो, रोजचं काम आज झालंय का, आठवड्याच्या कामाला सात दिवस उलटलेत का. उलटले असतील तर काही मिनिटं थांबून ते चालवतो. सगळी राहिलेली कामं एकदम सुरू होऊन मशीनचा जीव जाऊ नये म्हणून ते थांबणं.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच. क्रॉनचा प्रश्न होता ‘आत्ता किती वाजले?’ ॲनाक्रॉनने तो बदलून ‘शेवटचं होऊन किती दिवस झाले?’ असा केला. पहिल्या प्रश्नासाठी मशीन त्या मिनिटाला जागी असावीच लागते. दुसऱ्याचं उत्तर कधीही काढता येतं, फक्त एक नोंद ठेवावी लागते.

नंतर सगळ्यांनीच हा मार्ग धरला. २००५ मध्ये मॅकवर आलेला लाँचडी, झोपेत हुकलेलं काम जाग आल्यावर करतो. विंडोज व्हिस्टापासून टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ असा पर्याय आला. लिनक्सवरच्या सिस्टिमडीच्या टायमरमध्येही शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवायची सोय आहे.

यातला एक गमतीचा धागा बघा. विक्सी यांचा क्रॉन पुन्हा दर मिनिटाला उठून यादी तपासतो. ब्राउनने जे टाळलं होतं तेच. पण तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले होते की त्याचं ओझं जाणवत नव्हतं. मग लॅपटॉप आले आणि प्रत्येक वेळी जागं होण्याची किंमत बॅटरीला मोजावी लागू लागली. म्हणून सिस्टिमडीचे टायमर नेमक्या सेकंदाचा आग्रह धरत नाहीत. आपण काही सांगितलं नाही, तर ते एक मिनिटाची सूट घेतात आणि जवळपासची कामं एकाच जागरणात उरकतात. १९७९ मध्ये प्रोसेसरचा वेळ वाचवायचा होता, आता वीज. विनाकारण उठायचं नाही, ही कल्पना मात्र तीच.

अजून दोन गृहीतकं: पत्र आणि घड्याळ

क्रॉनने चालवलेल्या कामाने काही छापलं, म्हणजे चूक झाल्याचा संदेशही, तर क्रॉन ते त्या वापरकर्त्याला मेल करतो. हा मेल म्हणजे तुमचं जीमेल नव्हे. त्याच मशीनवरची अंतर्गत टपालपेटी. सामायिक मशीनवर लोक रोज लॉगिन करून ही पेटी बघायचे. घरच्या लिनक्सवर ही टपालव्यवस्था बहुधा लावलेलीच नसते. त्यामुळे काम अडतं, क्रॉन तक्रार करतो, आणि ती तक्रार कोणापर्यंत पोचतच नाही.

दुसरं गृहीतक घड्याळाचं. अमेरिकेत मार्चमधल्या एका रविवारी घड्याळ रात्री दोनवरून थेट तीनवर जातं. त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये रात्रीचा एक तास दोनदा येतो. आपल्याकडे हा प्रकार नाही, पण आपली अडचण वेगळी आहे. भाड्याने घेतलेले अनेक सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. भारतीय वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. सर्व्हरवर ‘रात्री १२’ लावलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं. त्यात भर म्हणजे, आपल्याकडच्या रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

पावसावर काम करणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. भारतीय हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा मोजला जातो. साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर ३. तुमचा प्रोग्रॅम मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करत असेल, तर दोन्ही आकडे खरे असूनही एकमेकांशी जुळणार नाहीत.

तुमच्या डेटात हे कसं उतरतं

समजा, मे महिन्यात घराच्या गच्चीवरचं तापमान तुम्ही दर तासाला नोंदवताय. दुपारी लोडशेडिंग होतं. डेस्कटॉप बंद पडतो, दुपारच्या नोंदी जातात. महिन्याच्या शेवटी तुम्ही सरासरी काढता. ती खऱ्या सरासरीपेक्षा कमी येणार, कारण गेलेले तास नेमके तापलेले होते. सगळ्या तासांमधून सारख्याच नोंदी गळाल्या असत्या तर एवढं बिघडलं नसतं. इथे मात्र नोंद गळायचं कारण आणि मोजायची गोष्ट, दोन्ही एकाच उन्हाशी बांधलेल्या आहेत. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘यादृच्छिक नसलेली उणीव’ वाचताना ती लांबची वाटते. घरच्या मीटरच्या पेटीत ती रोज घडते.

‘मग लॅपटॉप वापरतो, त्याला बॅटरी आहे,’ असं कोणी म्हणेल. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवं काम लावताना ‘वीजजोडणी असेल तरच सुरू कर’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि काम मात्र सुरूच होत नाही. ‘वेळ हुकली तर लवकर चालव’ हा पर्याय उलट आधीपासून निवडलेला नसतो. दोन्ही एकदा स्वतः उघडून बघा.

आणि ‘हुकलेलं नंतर कर’ हेही प्रत्येक कामाला लागू नाही. बॅकअप रात्री तीनऐवजी सकाळी दहाला झाला तर काही बिघडत नाही. पण दुपारी दोनचं तापमान पाच वाजता मोजता येत नाही. पाचला घेतलेलं वाचन दोनच्या नावावर फाइलमध्ये गेलं, तर ते रिकाम्या जागेपेक्षा वाईट. रिकामी जागा निदान दिसते. म्हणून काम लावायच्या आधी ठरवा, हे काम उशिरा चालणारं आहे की वेळ गेली की संपणारं. पहिल्या प्रकाराला ॲनाक्रॉनची पद्धत, दुसऱ्याला क्रॉनची.

त्यावरून तीन सवयी सुचवतो.

एक, प्रत्येक नोंदीसोबत ती खरोखर कधी घेतली ती वेळ लिहा, कोणत्या घड्याळाची तेही लिहा. ठरलेली वेळ लिहू नका.

दोन, काम यशस्वी झालं तरी एक ओळ लॉगमध्ये पडू दे. फक्त चुका नोंदवल्या, तर ‘चूक नव्हती’ आणि ‘मशीनच बंद होती’ यांत फरक करता येत नाही. दिवसाला २४ ओळी यायला हव्यात आणि १९ आल्या, तर ५ कुठे गेल्या हे त्याच दिवशी शोधता येतं. तीन महिन्यांनी शोधता येत नाही.

तीन, थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात ही माहिती द्या. किती नोंदी अपेक्षित होत्या, किती मिळाल्या, हुकलेल्या कोणत्या तासांतल्या होत्या. अर्ध्या पानाचं काम आहे. व्हायव्हाला परीक्षकाने ‘दुपारचे आकडे कमी का?’ विचारलं, तर उत्तर तुमच्या हातात तयार असेल.

हे सगळं आजच करून बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग. दर दहा मिनिटांनी फक्त तारीख आणि वेळ एका फाइलमध्ये लिहिणारं काम घरच्या कॉम्प्युटरवर लावा आणि आठवडाभर त्याच्याकडे बघू नका. आठवड्यात ६० गुणिले २४ गुणिले ७ भागिले १०, म्हणजे १००८ ओळी यायला हव्यात. किती आल्या ते मोजा, कोणत्या वेळच्या गेल्या ते एका आलेखावर मांडा, आणि मगच तुमचा खरा डेटा गोळा करायला सुरुवात करा.